नाना, वहीत तुमचे नाव आहे

अर्जदार : भास्कर केदू जाधव, वय एक्कावन्न, धंदा अर्ज लिहिणे, बैठक नाशिक येथे सरकारी कचेरीच्या कुंपणाला लागून.

सामनेवाले : निवृत्ती महादू शिंदे ऊर्फ नाना, वय ब्याऐंशी, पूर्वी पाटबंधारे खात्यात पाटकरी, राहणार तालुका निफाड. सध्याचा पत्ता अर्जदारास ठाऊक नाही.

घटनेचा दिवस : गेला बुधवार, सामनेवाले यांचा दहावा. घटनेचे ठिकाण : पंचवटी, गोदाकाठ.

साक्षीदार : एक, सामनेवाले यांचे चिरंजीव बाळासाहेब. दोन, सामनेवाले यांच्या घराण्याचे पंचवटीतील उपाध्ये. तीन, अर्जदाराच्या शेजारी टंकलेखन करणारे रऊफभाई, ज्यांनी उभय पक्षांची नऊ वर्षांची भांडणे स्वतःच्या कानांनी ऐकली आहेत.

विषय : आपण काही एक न कळवता निघून गेल्याबाबत, आणि त्यानंतर उघडकीस आलेल्या नोंदीबाबत.

नाना, एवढा मजकूर झाला आणि पेन थांबले. वारसनोंदीचे, सामाईक विहिरीचे, सुनेच्या छळाचे, हरवलेल्या म्हशीचे असंख्य अर्ज मी लिहिले. प्रत्येक अर्जात 'मी' असतो, पण तो 'मी' कधीही मी नव्हतो. आज अर्जदाराच्या जागी प्रथमच माझे नाव लिहिले, आणि ते मला दुसऱ्या कोणाचे तरी वाटले.

माझे शिक्षण नववीपर्यंत आहे हे तुमच्याखेरीज त्या कुंपणापाशी कोणाला माहीत नाही. पाटीवर 'कायदेविषयक लेखन' असे आहे, ते वाचून लोक समजायचे ते समजतात. तुम्ही मात्र महिन्याभरात ओळखले होते. म्हणाला होतात, "रायटर, तुमचं अक्षर लय झ्याक हाय. पण तुम्ही वाचण्यापरीस लिहिता जास्त." मी त्या दिवशी तुम्हाला चहा विचारला नव्हता. आता कबूल करतो, की निरीक्षण बरोबर होते.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा तुमच्या हातात एक पानाचा डबा होता आणि डब्यात जहाजाच्या नांगराचे चिन्ह असलेले एक पितळी बटण.

"काय काम आहे?" मी विचारले.

"बाप शोधायचाय."

"वय काय बापाचं?"

"असता तर शंभरीच्या पल्याड."

रऊफभाईंचा टाइपरायटर थांबला. ते म्हणाले, "चाचा, पोलिसात नाही गेले ते बरं केलं. तिथं फोटो मागतात." तुम्ही म्हणालात, "फोटो असता तर ह्यांच्याकडं कशाला आलो असतो? आरशापुढं उभा ऱ्हायलो नसतो का?" आणि तिघेही हसलो. बापाचा चेहरा आपल्यासारखा होता का, हेदेखील तुम्हाला माहीत नव्हते, हे मला हसून झाल्यावर समजले.

मग तुम्ही हकीकत सांगितली आणि मी ती मुद्देसूद उतरवून घेतली. तुमचे वडील महादू गणपत, शेतकऱ्याचे पोर, ज्याने नदीपेक्षा मोठे पाणी पाहिले नव्हते. बापाशी कडाक्याचे भांडण झाले. गणपतबाबा म्हणाले, "पुन्हा ह्या उंबऱ्यावर पाय ठेवू नको." महादू मुंबईला गेले आणि महायुद्धाच्या भरतीत आरमारात शिरले. मागे बायको, तिला चौथा महिना. पौषात, त्र्यंबकच्या यात्रेच्या दिवसांत तुम्ही जन्मलात, म्हणून आईने निवृत्ती नाव ठेवले. शाळेच्या मास्तरांकडून तिने पत्र लिहवून घेतले, की मुलगा झाला, नाव अमुक ठेवले, आणि सासूबाई वारल्या. उत्तर आले नाही. दीड वर्षाने सरकारी कागद आला : समुद्रात हरवले, मृत समजावे. सोबत सामानाची पिशवी आणि पिशवीत हे बटण.

"आई मरंपर्यंत एकच म्हणायची," तुम्ही सांगितले. "पत्र पोचलं असंल का रे त्यांना?"

मी विचारले, "आपली मागणी काय आहे? पेन्शन, पदक, सेवेचा दाखला?"

"ते तुमचं तुम्ही टाका. माझं एकच. माझ्या बापाला मी झाल्याचं ठाऊक व्हतं का, एवढं इचारा."

ते वाक्य मी लिहिले नाही. मी तुम्हाला समजावले, की शासनाला असे प्रश्न विचारत नसतात, शासनाकडे प्रार्थना करायची असते. मी सविनय पेन्शन मागितली, सविनय पदक मागितले, सेवेचा तपशील मागितला. नऊ वर्षांत असे सात अर्ज झाले. प्रत्येक वेळी तुम्ही वाचून दाखवायला लावायचात, शेवटी विचारायचात, "आन् माझं?" आणि मी म्हणायचो, "ते ओघात येईल." ते कधीच ओघात आले नाही. मसुदा निर्दोष असावा हा माझा बाणा. त्या निर्दोषपणात तुमची एक ओळ बसत नव्हती, म्हणून मी ती सात वेळा बाहेर ठेवली.

तरीही आपल्याला जे मिळाले ते माझ्या अर्जांमुळेच मिळाले, एवढे श्रेय मी घेतो. चौथ्या अर्जाला उत्तर आले. महादू गणपत, बोटीवर भट्टीत कोळसा टाकण्याचे काम, अमुक क्रमांक. तो क्रमांक पाहून तुम्ही म्हणालात, "बापाला नंबर व्हता! मला तर नोकरीत बी नव्हता." त्या दिवशी तुम्ही सगळ्या कुंपणाला पेढे वाटलेत. स्टॅम्पवाल्याने विचारले, नातू झाला का? तुम्ही सांगितलेत, "नाय, बाप झाला."

त्या क्रमांकावरून आपण मुंबईच्या जुन्या दप्तरखान्यात गेलो. एस.टी.त कसाऱ्याचा घाट उतरेपर्यंत तुम्ही मला पाटाच्या पाण्याच्या गोष्टी सांगत होतात, कोणत्या चारीला किती तास पाणी, कोण रात्रीचे दार फोडायचे. मधेच म्हणालात, "बघा, बापाकडं अख्खा समुद्र, आन् मी जन्मभर फळ्या उचलून वीत वीत पाणी सोडलं." दप्तरखान्यातल्या बाई मायाळू होत्या. त्यांनी मोठी बाडे काढून दिली आणि इंग्रजी नोंदी स्वतः वाचून सांगितल्या. मी मान डोलवत होतो, जसे काही मला सगळे कळत होते. कराची. एडन. मग दुरुस्तीसाठी तीन आठवडे मुंबई. मग कोलंबो, चितगाव, आणि ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याजवळ शेवट.

बाईंनी पुढचे पान उलटले. तिथे 'जवळचा नातेवाईक' असा रकाना होता. त्यात गणपतबाबांचे नाव होते. ज्यांनी घराबाहेर काढले, त्यांचेच.

"आईचं नाव नाय?" तुम्ही विचारले.

"नाही, बाबा."

"माझं?"

बाईंनी चष्मा काढला. उत्तर मी दिले, आणि फार वकिली आवाजात दिले : "नाना, हा फॉर्म भरतेवेळी तुमचा जन्मच झालेला नव्हता."

"नंतर बदलता आला असता ना?"

बाहेर पडल्यावर तुम्ही समुद्र पाहायचा म्हणालात. कठड्यापाशी तासभर उभे होतात. मी म्हटले, खाली उतरू, पाय भिजवू. तुम्ही म्हणालात, "नको. वळख नाय अजून." तुमचा नाशिकचा वार सोमवार, पण त्यानंतर तीन सोमवार तुम्ही आला नाहीत. तुमचा स्टूल मी कोणाला दिला नाही, पण फोनही केला नाही. अर्ज लिहिणाऱ्याने पक्षकाराच्या मागे लागू नये, असा माझा समज होता.

चौथ्या सोमवारी आलात ते नवा मुद्दा घेऊनच. माझ्या मुलीच्या शाळेचा नकाशासंग्रह मी टेबलावर ठेवलेला असे. तुम्ही कराचीपासून बोट फिरवत एडनला जायचात, परत यायचात. त्या दिवशी बोट मुंबईवर थांबले.

"तीन आठवडे बोट हितं व्हती. त्याच सालात माझी आजी वारली. म्हंजे त्यांची आई. मुंबईपोतर आलेला माणूस आईचं पिंड द्यायला नाशकात येणार नाय का?"

"घरी आले नाहीत ना पण?"

"घरी कसे येतील? उंबरा बंद व्हता. पण रामकुंडाला उंबरा आसतो का? पंचवटीत आपल्या घराण्याच्या भटजींकडं वह्या हायेत, रायटर. पिंड देणारा सोताच्या हातानं लिहितो, मी कोण, कुठला, बाप कोण, पोरं कोण. एकदा जाऊन वही उघडू."

नाना, हा युक्तिवाद बिनतोड होता. नाशिक जिल्ह्यातला कोणताही माणूस, जो आईबापाला घेऊन कधी गोदेवर गेला आहे, त्याला हे सुचले असते. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "त्या वहीला शिक्का नसतो. पुरावा म्हणून ती ग्राह्य धरत नाहीत." कोण ग्राह्य धरत नाही, कोणापुढे सादर करायचे होते, हे मी सांगितले नाही. आपल्याला कोर्टात जायचेच नव्हते. तुमचे कोर्ट तुम्हीच होतात.

रऊफभाई मधे पडले. "भास्करभाऊ, रिक्षाने दहा मिनिटं. जाऊन या ना. बुजुर्ग माणूस म्हणतोय."

मी म्हटले, "मग त्यांनी एकट्यानं जाऊन पाहावं. अडवलं कोणी?"

तुम्ही टोपी काढून गुडघ्यावर ठेवलीत. "एकट्यानं नाय पाहायचं," तुम्ही म्हणालात. "नाव नसलं तर? जवळ कोणीतरी पाहिजे ना माणसाच्या."

हे मी ऐकले होते. ऐकले नाही असे प्रतिज्ञापत्र मी करू शकत नाही. पण मी ते म्हाताऱ्या माणसाचे भित्रेपण समजलो. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाने मला सोबत मागितली होती, आणि मला वाटले, तो माझ्या कायद्याच्या ज्ञानाचा अवमान करतो आहे.

शेवटच्या सोमवारी तुम्ही पुन्हा तेच काढलेत. माझ्यापुढे शाळाप्रवेशाच्या दाखल्यांची रांग होती, बायका उन्हात उभ्या होत्या. तुम्ही टेबलाच्या कडेला वाकून म्हणालात, "आज जाऊ का? अर्ध्या तासाचं काम." मी मान वर न करता म्हटले, "नाना, नंतर बघू." तुम्ही "बरं" म्हणालात. किती वेळ उभे होतात मला माहीत नाही. मान वर केली तेव्हा तुम्ही नव्हतात. आपल्या नऊ वर्षांतला माझा शेवटचा शब्द 'बघू' आहे.

पुढच्या सोमवारी तुमच्या जागी बाळासाहेबांचा फोन आला. म्हणाले, "काका, नाना गेले. नाशिकला यायचं म्हणून टोपी घालून ओट्यावर बसले होते. गाडीला अवकाश होता. आईनं चहा आणला तर..."

दहाव्याला मी पंचवटीत आलो. तुमची भावकी मोठी निघाली. मी नऊ वर्षे तुम्हाला एकटा समजत होतो. मला तिथे कोणी ओळखत नव्हते. पुतण्यांनी, जावयांनी कुठे उभे राहायचे ते ठरलेले असते. माझ्यासाठी जागा नव्हती, म्हणून मी चपला सांभाळत होतो. पिंडाला कावळा लगेच शिवला. बाया म्हणाल्या, "म्हाताऱ्याची काहीच इच्छा मागं ऱ्हायली नव्हती." त्या विधानास माझा आक्षेप आहे आणि तो मी येथे नोंदवत आहे.

मग उपाध्यांनी तुमची नोंद करण्यासाठी लाल फडक्यात बांधलेली वही आणली. बाळासाहेबांनी सही केली. वही मिटायला लागले तेव्हा मी पुढे झालो. "गुरुजी, मागची पानं पाहू द्या. महादू गणपत."

"तुम्ही कोण यांचे?"

चुलता नाही, भाऊ नाही, मित्र म्हणावे तर वयात एकतीस वर्षांचे अंतर. "मी यांचे अर्ज लिहितो," मी म्हणालो. गुरुजींनी माझ्याकडे पाहिले आणि पाने मागे मागे नेली. पिवळे पान, फिकी शाई, काळजीपूर्वक काढलेले मोठे अक्षर. मी ते उभ्यानेच उतरून घेतले :

'महादू गणपत शिंदे. आई भागीरथी हिचे पिंड दिले. हल्ली नोकरी आगबोटीवर. पुत्र निवृत्ती, वय महिने पाच.'

मी ते पाच-सहा वेळा वाचले. नाव तुमच्या आईने यात्रेवरून ठेवले होते, ते पत्राशिवाय त्यांना कळणे शक्य नव्हते. पत्र पोचले होते, नाना. आणि नुसते पोचले नव्हते. भट्टीपुढे कोळसा ओढणारा माणूस महिने मोजत होता. पौषापासून पाच महिने मोजा, ज्येष्ठ येतो, आणि बोट तेव्हाच मुंबईत दुरुस्तीला होती. सरकारी बाड आणि भटजींची वही एकमेकांना दुजोरा देतात. पुराव्याच्या भाषेत याहून भक्कम काही नसते.

मी बाळासाहेबांना बोट ठेवून दाखवले. त्यांनी पाहिले, म्हणाले, "अरे वा, आजोबांचं अक्षर. चांगलं झालं, काका. चला, जेवणाची गाडी थांबलीय." त्यांचा दोष नाही. त्यांना बाप होता, रोज डोळ्यांसमोर. ह्या पाच महिन्यांची किंमत कळणारा माणूस त्या घाटावर मीच एकटा होतो, आणि ज्याला सांगायचे त्याच्या नावाने नुकतीच आंघोळ झाली होती.

इथून एस.टी.ने तासाच्या अंतरावर पाच महिन्यांचे मूल होते आणि महादू त्याला न पाहता बोटीवर परत गेले, हेही खरे आहे. बापाचा शब्द पाळला, की रजा संपली, की धीर झाला नाही, ते वहीत नाही. तुम्ही असता तर ह्यावर आपले वर्षभर भांडण चालले असते. तुम्ही त्यांची बाजू घेतली असती. मी विरुद्ध बोललो असतो, कारण मला बोलायला लागतेच.

वही बांधताना गुरुजी सहज म्हणाले, "हीच वही मागं एका म्हाताऱ्यानं मागितली होती. पंधरा-सतरा दिवस झाले असतील. सोमवारच तो, कपालेश्वराची गर्दी होती."

"टोपी होती? काठी?"

"होती. वही आणून त्यांच्यापुढं ठेवली आणि मला यजमान आले, कुंडाकडं गेलो. परत आलो तर वही होती, ते नव्हते."

"फडकं सुटलेलं होतं की बांधलेलं?"

त्यांनी फडक्याची गाठ मारली. "नाही सांगता येणार हो. दिवसाला किती वह्या निघतात."

तो सोमवार म्हणजे आपला शेवटचा सोमवार. माझ्या टेबलापासून तुम्ही सरळ तिकडे गेलात, एकटे. त्यानंतरचा आठवडा तुम्ही घरी कसे होतात, हे मी बाळासाहेबांना विचारले. ते म्हणाले, "नेहमीसारखेच. थोडे गप्प होते." गप्प माणूस सुखाने गप्प असतो की दुःखाने, हे मला अजून ठरवता आलेले नाही. मी रऊफभाईंना विचारले. त्यांनी टाइपरायटरवर झाकण घातले आणि म्हणाले, "भाऊ, हे मला नका विचारू."

तुम्ही मला नऊ वर्षे शहाणा समजून माझ्याजवळ बसलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. माझ्याकडे लोक काम झाले की परत येत नाहीत. तुम्ही काम होत नसताना येत होतात. ते मी कामासाठीच समजत होतो.

सबब, सविनय विनंती की :

आपण सदर वही उघडून पाहिली किंवा कसे, याचा खुलासा व्हावा. उघडली नसल्यास नोंदीची खरी नक्कल वर दिली आहे, ती आपणास पोचली असे समजून आपल्या आईसही वाचून दाखवावी. उघडली असल्यास, त्या क्षणी आपल्याजवळ कोणी नव्हते, याची संपूर्ण जबाबदारी अर्जदाराची आहे. त्याबद्दल माफीची मागणी नाही, योग्य तो निकाल द्यावा, तो अर्जदारास मान्य राहील.

आणि त्या सकाळी टोपी घालून ओट्यावर बसला होतात, ते मला सांगायला निघाला होतात की पुन्हा एकदा बोलवायला, एवढे मात्र कृपया कळवावे.

आपला,
भास्कर केदू जाधव